शीळ घालायची नाही

मेंढी स्वयंपाकघरात शिरली तशी थॉमसिनने कपाटातून काळी टोपी काढून डोक्यावर चढवली आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. ती टोपी चॅपेलला जायची होती. आडवारी ती डोक्यावर दिसली म्हणजे म्हातारी आज भांडायच्या तयारीनं बसली आहे, हे नॅनकॅरोंच्या घरात तान्ह्या पोरालाही कळायचं.

"झॅकी," ती म्हणाली, "ही कोण?"

"मेंढी आहे, आई."

"ते दिसतंय. माझ्या घरात काय करतेय?"

"डिगरीची आणि तिची जरा ओळख व्हावी म्हणून आणलीय. साहेब यायच्या आत."

झॅकी म्हणजे माझे आजोबा. पण त्या दिवसाबद्दल सांगताना त्यांना अहो-जाहो करायला माझी जीभ रेटत नाही, तेव्हा ते बाकीच्या प्रकरणांसाठी राखून ठेवते. तर या झॅकीचं पोलवेडनच्या चौकात कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या खिडकीत जहाजाचं चित्र होतं. सरकारी खर्चाने सिडनीला जा, असं त्याखाली लिहिलेलं. जाणारा धडधाकट हवा, लग्न झालेला हवा, पाद्र्याने चांगला म्हटलेला हवा, आणि मुख्य म्हणजे मेंढपाळ हवा, कारण तिकडे माणसांपेक्षा मेंढ्या फार झाल्या होत्या. पाठवलेल्या डोक्यामागे झॅकीला काही मिळायचं. अडचण एवढीच, की आमचं गाव कथलाच्या खाणीचं. मेंढपाळ तिथे औषधाला मिळत नव्हता. झॅकी त्याने खचला नाही. त्याने खाणवाले मेंढपाळ केले, दोन चांभार मेंढपाळ केले, एका न्हाव्यालाही मेंढपाळ करून जहाजात बसवलं. कातरणं तर येतंच की त्याला, असं वर म्हणाला.

शेवटी कोणीतरी प्लिमथला, जहाजांच्या कचेरीत, कळवलं. तिथून क्रॉसवेल नावाचे साहेब स्वतः बघायला निघाले, आणि पुढच्या जहाजात जाणारं जे कुटुंब त्यांनी बघायला मागितलं ते झॅकीच्याच सख्ख्या भावाचं निघालं.

तो भाऊ डिगरी. नऊ वर्षांचा असताना खाणीत उतरलेला, अंगाने आडवा, चेहरा पांढराफटक, आणि हनुवटीवर सुरुंगाच्या दारूचे निळे ठिपके. ते झाकायला त्याच्या बायकोने, लव्हडेने, त्याला दाढी वाढवायला लावली होती. आठवडाभर खाणीतून आला की ती त्याला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवायची. त्याने तो काळवंडला नाही, नुसता लाल झाला.

"विचार त्याला, वहिनी," झॅकी म्हणाला.

लव्हडेने हात कमरेवर ठेवले. "मेंढी लंगडायला लागली तर काय करायचं?"

"खूर बघायचा," डिगरी म्हणाला.

"कशासाठी?"

"सडलाय का ते बघायला."

"सडला असला तर?"

डिगरीने झॅकीकडे बघितलं. झॅकीने हवेत चाकू चालवल्यासारखं केलं.

"कापायची," डिगरी म्हणाला.

"मेंढी नाही रे, खूर. खूर तासायचा." झॅकीने कपाळाला हात लावला. "साहेबापुढे मेंढी कापलीस तर आपण सगळेच बसलो."

चुलीजवळ केशराचा केक कापणारी जेनिफर हसली. ती या दोघांच्या पाठची बहीण. खाणीच्या तोंडाशी हातोड्याने दगड फोडायला जायची, आणि संध्याकाळी येऊन आईचे गुडघे चोळायची. तिचं लग्न व्हायचं होतं. आता ते होईल असं गावात कोणी म्हणत नव्हतं, आणि हे जहाज चुकलं तर त्याच्या पुढच्या जहाजापर्यंत तिचं वय सरकारी मर्यादेच्या बाहेर जाणार होतं.

मेंढ्या आणून दिल्या होत्या वरच्या माळरानावरच्या उगलो नावाच्या शेतकऱ्याने. सकाळी तो तीन मेंढ्या आणि मॉस नावाचा कुत्रा घेऊन फाटकाशी आला, आणि मेंढ्या आत घालायला त्याने सवयीने शीळ घातली. अर्धीच झाली असेल. थॉमसिन काठी न घेता धावत बाहेर गेली.

"या घरात शीळ घालायची नाही," ती म्हणाली. "माझा मुलगा खाणीत उतरतो."

उगलोला काही सांगायला लागलं नाही. आमच्याकडे जमिनीखाली शीळ घालत नाहीत. तिथे राहणाऱ्या बुटक्या भुतांना ती खपत नाही, आणि चिडले की ते वरचा दगड खाली सोडतात. थॉमसिनचा नवरा दगडाखाली गेला त्याच्या आदल्या दिवशी एका नवख्याने खाली शीळ घातली होती. तेव्हापासून तिने ती बंदी जमिनीवरही आणली. चॅपेलच्या एका उपदेशकाचा पुढचा दात पडला आणि त्याच्या बोलण्यातून शीळ यायला लागली, तर त्याने दात बसवून घेईपर्यंत म्हातारी देवालासुद्धा भेटायला गेली नाही. उगलोने मुकाट्याने मेंढ्या हातांनी ढकलल्या, कुत्र्याला बकोटीला धरून आत आणलं आणि सांगितलं, "भारी शहाणा आहे हा. सांगाल ते करतो." आणि गेला. कसं सांगायचं, हे त्याला कोणी विचारलं नाही. शिळेचा विषय त्या घरात निघाला, आणि तोही तेवढ्यावर मिटला म्हणून सगळे खूश होते.

"आता माणसं मोजून घेऊ," झॅकी म्हणाला. "डिगरी, वहिनी, दोन पोरं. आणि जेनिफर."

"जेनिफर नाही," थॉमसिन दारातून म्हणाली.

केकवरची सुरी थांबली.

"आई, हे झालंय बोलून," झॅकी म्हणाला.

"तुमचं झालंय. मला कोणी विचारलंय?"

"एकट्या पोरीला जहाजात घेत नाहीत. लग्न झालेल्या भावाबरोबरच जाता येतं. डिगरी जातोय, म्हणजे तिला जाता येतंय. ही वेळ गेली की गेली. आणि तिकडे बायका कमी आहेत, आई. तिला हसत नवरा मिळेल."

"आणि तुला तिच्या डोक्यामागे काय मिळेल?"

झॅकीचा चेहरा पडला. "बहीण आहे माझी."

"म्हणून विचारते. भावाचे किती, बहिणीचे किती, असा वेगळा भाव असतो का?" तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "ऐक. डिगरीला न्या. त्याची बायको न्या, पोरं न्या. मी अडवलं नाही. पण जेनिफर गेली तर साहेबाला मी स्वतः सांगेन, की हा माझा मुलगा कथिल खणतो आणि मेंढीला शेपूट कुठे असतं तेही त्याला माहीत नाही."

"मागे," डिगरी म्हणाला.

"तू गप्प," लव्हडे म्हणाली.

झॅकीने आईकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि त्याचा विचार तिथल्या तिथे बदलला. तो व्यापारी माणूस होता. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "जेनिफर पुढच्या वेळेलाही..."

"पुढच्या वेळेला माझं वय बसत नाही, दादा," जेनिफर म्हणाली. "तूच सांगितलंस."

"वय काय, थोडं इकडेतिकडे करता येतं."

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी येत नव्हतं का, भावजी?" लव्हडेने एप्रनला हात पुसले. "मग माझंही ऐका. जेनिफर नसेल तर मी पाय उचलत नाही. चार महिने बोटीवर दोन पोरं, आणि हा माणूस ओकत पडणार. हा न्हाणीघरातसुद्धा डोळे मिटून बसतो. मी एकटी काय काय बघू?"

"म्हणजे तुला मोलकरीण हवी," थॉमसिन म्हणाली.

"तुम्हालाही तीच हवी आहे, सासूबाई. फरक एवढाच की माझी सिडनीला सुटेल."

हे वाक्य लव्हडेने पुढे जन्मभर पुन्हा म्हटलं नाही, पण ते घरात राहिलं. मेंढीने जेनिफरच्या टोपीची फीत तोंडात धरली होती आणि ती शांतपणे चघळत होती.

जेनिफरने सुरी खाली ठेवली. तिने महिनाभर एक पेटी भरत आणली होती. सहा कुडते, मोज्यांच्या जोड्या, दोन जाड पायताणं, बोटीवर चढताना उघडून दाखवावं लागतं ते सगळं. रोज रात्री कामावरून येऊन शिवलेलं. ती पेटी तिने पलंगाखाली ढकलली होती आणि आईला दिसली नाही असं धरून चालली होती. आईला ती पहिल्याच दिवशी दिसली होती.

"मी राहते," जेनिफर म्हणाली. "दादा, माझं नाव काढ. वहिनी, तू जा. पोरांचं भलं होईल."

"जेनी..." डिगरी म्हणाला.

"तू खुराकडे लक्ष दे."

थॉमसिन जिंकली होती. तिला बरं वाटायला हवं होतं. डिगरी गेला तर तिला जड जाणारच होतं, पण तो घरात असूनही बारा तास जमिनीखाली असायचा. जेनिफर मात्र होती. तिच्या पावलांचा आवाज होता, चुलीपाशी तिची पाठ होती, एकेका दगडाला शिव्या घालत घरी येणं होतं. त्याशिवाय ती खोली कशी असेल, याचा विचार थॉमसिनने एकदाच केला होता आणि पुन्हा करायची तिची हिंमत नव्हती. हे तिने पोरीला सांगायला हवं होतं. त्याऐवजी तिने टोपी चढवली होती.

साहेब आले. लांब, हाडकुळे, स्वभावाने बरे, आणि अडचण तीच होती. दुष्ट माणसाला झॅकीने सहज गुंडाळलं असतं. क्रॉसवेल साहेबांनी मांस भरलेली पास्टी खाल्ली, केक खाल्ला, वर साय वाढून मागितली, आणि खाता खाता एकेकाला प्रश्न विचारले.

"मेंढी लंगडायला लागली तर?"

"खूर तासायचा," डिगरी म्हणाला. "मेंढी कापायची नाही."

"बरोबर," साहेब जरा थबकून म्हणाले. मग जेनिफरकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हीही जाताय ना?"

"मी नाही, साहेब. आईला बघायला कोणी नाही."

"गुणी मुलगी आहे," साहेब थॉमसिनला म्हणाले. "नशीबवान आहात."

"हो," थॉमसिन म्हणाली, आणि तिने हातातला केक परत ताटलीत ठेवला.

चहा संपल्यावर साहेब अंगणात गेले. मागोमाग सगळे. मेंढ्या भिंतीला अंग टेकून उभ्या होत्या, मॉस फाटकाशी बसला होता. साहेबांनी जरा इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताने फाटक सताड उघडलं. तिन्ही मेंढ्या बाहेर पडल्या आणि चॅपेलच्या माळाकडे सुटल्या.

"आता आणा बघू परत," साहेब म्हणाले.

"मॉस," डिगरी म्हणाला. "जा, बाबा."

मॉसने त्याच्याकडे बघितलं.

"मेंढ्या आण," डिगरी म्हणाला. मग हात हलवला. मग झॅकीनेही हलवला. मॉस शेपटी हलवत बसून राहिला. तो खरोखर शहाणा होता. एका माणसाची वाट बघत होता, जो त्याला समजेल असं काही बोलेल.

"अहो, शीळ घाला की," साहेब म्हणाले.

झॅकीच्या डोक्यात सकाळचा उगलो आला आणि ती अर्धी शीळ आली. खुरांपासून लोकरीपर्यंत त्याने सगळं पाठ करून घेतलं होतं. शीळ मात्र त्या घरातल्या कोणाच्या डोक्यातच येण्यासारखी नव्हती.

"घाला ना," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता तेवढा बरा नव्हता. "शीळ न येणारा मेंढपाळ मी आजवर बघितलेला नाही."

डिगरीने ओठ पुढे काढले. येत नाही ही एक गोष्ट झाली. पण सोमवारी त्याला खाली उतरायचं होतं, आणि शीळ घालायची म्हणजे बुटक्यांना आपल्या तोंडाने हाक मारायची. बाप कसा वर आणला होता ते त्याने बघितलं होतं. त्याने ओठ मिटले.

थॉमसिन दारात उभी होती. तिला आता काहीच करायचं नव्हतं. खरं सांगायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं उभं राहिलं की झालं. डिगरी राहणार होता, त्याची पोरं राहणार होती, जेनिफर राहणार होती, आणि कोणी तिला बोल लावू शकणार नव्हतं.

तेवढ्यात जेनिफर पुढे झाली. फाटकात जाऊन उभी राहिली, तोंडाशी दोन बोटं नेली आणि फुंकलं. नुसती हवा आली. तिने पुन्हा फुंकलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, हवाच आली. जहाजात तिची जागा उरली नव्हती. भावाची जाऊ नये म्हणून ती फुंकत होती, आणि तिला ते येत नव्हतं, कारण कोणी कधी शिकू दिलं नव्हतं.

थॉमसिनने काठी भिंतीला टेकवली. टोपी काढली. आणि शीळ घातली.

अशी शीळ पोलवेडनमध्ये कोणी ऐकलेली नव्हती. लांब, मग दोन आखूड, मग वर चढत जाणारी. मॉस उठला तो दिसेनासाच झाला. तिने एक आखूड दिली, तो डावीकडे वळला. एक खालच्या सुरात दिली, तो बसला. बघता बघता तिन्ही मेंढ्या फाटकातून आत आल्या आणि मॉस येऊन तिच्या पायाशी पडला.

"यांचे वडील लवकर गेले," ती साहेबांना म्हणाली. एवढं खरं होतं. "मेंढरं मीच राखली. याला मीच शिकवलं. पण आईदेखत शीळ घालायला लाजतो तो. लहानपणापासूनचंच आहे."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग डिगरीच्या दाढीकडे, मग त्याच्या हातांकडे. त्यांना सगळं कळलं होतं असं माझं मत आहे. पण तशी शीळ ऐकल्यावर त्याच पायरीवर तिला खोटं ठरवायचं, हे त्या माणसाला जमलं नाही.

"चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "चौघे ना?"

"पाच," थॉमसिन म्हणाली. "पोरगी मघाशी लाजली. तिलाही जायचंय. तिची पेटी भरून तयार आहे. पलंगाखाली आहे, हवी तर उघडून बघा."

साहेब गेल्यावर झॅकी मेंढीशेजारीच जमिनीवर बसला. लव्हडे एकदम रडायला लागली आणि तिने सासूला मिठी मारली. सासूने ती दोन श्वास चालू दिली. मग डिगरीला म्हणाली, "सोमवारपासून तू खाणीत उतरायचं नाहीस. मी शीळ घातलीय."

"आई, जहाजाला अजून वेळ आहे. तोवर खायचं काय?"

"झॅकीच्या दुकानात बस. कापड माप. त्याने आपल्या भावाला मेंढपाळ केलंय, कापडवालाही करेल."

"जमेल," झॅकी घाईने म्हणाला.

"आणि सिडनीला गेल्यावर मेंढ्याच राख. मला माहीत आहे, तिकडे पहिलं भोक दिसलं की तू आत उतरणार. जेनिफर, याच्यावर लक्ष ठेव."

जेनिफर फाटकाशीच उभी होती. "आई, तुला शीळ येते?"

"माळरानावरची पोर मी. बापाचा कळप होता. चालायच्या आधी यायची."

"मग कधी ऐकली नाही ती?"

"तुझ्या बापाशी लग्न केलं. खाणवाल्याच्या बायकोने शीळ घालायची नसते." तिने टोपी झटकली. "सोडली. तुझ्या वयाची व्हायच्या आतच सोडली. चांगली यायची गं मला."

"मी नाही जात," जेनिफर म्हणाली. "खरंच नाही. तुला एकटीला टाकून..."

"जायचं. मला तू हवी आहेस, ते तू गेल्यावरही हवीच असशील. त्याला काही इलाज नाही. पण तू माझ्या पायाशी बसून म्हातारी झालेली मला बघवणार नाही." मग तिने बोटाने मेंढीकडे दाखवलं. "तुझ्या टोपीची फीत खाल्लीय तिने. दुसरी लाव. सिडनीत पहिल्याच दिवशी भिकारी दिसशील."

निघायच्या दिवशी सगळा गाव चौकात होता. प्लिमथला जाणारी गाडी उभी होती, वर पेट्या, पेट्यांवर पोरं. झॅकीने ठोकळ्यावर उभं राहून साम्राज्य आणि नव्या भूमीबद्दल भाषण केलं. ते कोणी ऐकलं नाही. डिगरी रडत होता. लव्हडे त्याच्यावर ओरडत होती. जेनिफर पाठीमागच्या फळीवर बसली होती, नव्या फितीची टोपी घालून, आणि आईकडे तोंड करून.

गाडी चढाला लागली. थॉमसिनने दोन बोटं तोंडाशी नेली.

"आई, नको," झॅकी तिच्या कानाशी म्हणाला. "लोक आहेत. खाणवाले आहेत."

"माझं कोणी उरलंय का खाणीत?"

तिने शीळ घातली. लांब, सरळ, शेवटी वर उचललेली. लांब गेलेल्याला परत बोलवायची ती शीळ. माळरानावर ती कोणालाही कळली असती. चढावर गाडी लहान होत गेली, फळीवर एक हात वर झाला आणि बराच वेळ वरच राहिला. मग वळण आलं.

पोलवेडनमधली झाडून सगळी कुत्री धावत आली आणि तिच्याभोवती गोळा झाली. खाटकाचं, पाद्र्याचं, उगलोचा मॉस, एक तर तीन पायांचं. म्हातारीने एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुम्ही नाही रे," ती म्हणाली. "तुम्हाला नव्हती."